सांधा

लिस्बनच्या उतारावरच्या दवाखान्यात
डॉक्टर किटेरिया माझा गुडघा अंगठ्यांनी चाचपते,
माझी आई बाजारात खरबूज चाचपायची तसा,
घ्यायचं नाही हे आधीच ठरवून.

मग पडद्यावर फोटो.
दोन हाडांच्या मधे फट असायला हवी
तिथे केसाएवढी रेघ.
आतल्या बाजूला तीही नाही.
"इथे हाडाला हाड लागलंय, सेन्योर अबिलियो."
मला ठाऊक होतं ते.
जिना उतरताना ऐकू येतं मला,
कुणी रिकामी कॉफीची चक्की फिरवतंय असं.

एकेचाळीस वर्षं मी या शहराच्या फुटपाथांवर
पांढरे-काळे दगड बसवले.
गुडघे टेकणं म्हणजे हार, असं लोक म्हणतात.
मी रोज सकाळी आठला टेकायचो
आणि पाचला उठायचो, दिवसाची मजुरी घेऊन.
डाव्या गुडघ्यावर सगळा मी,
तळहातावर दगड,
हातोडीचे दोन टोले, जरा फिरव, तिसरा,
की तो शेजाऱ्याला खेटून गप्प बसायचा.

"स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येईल," ती म्हणते.
"सूज उतरेल, कळ कमी होईल.
सहा आठवडे. कधी तीन महिने.
कधी," आणि पेन टेबलावर ठेवते, "काहीच नाही.
सारखं सारखं घ्यायचं नाही,
उरलीसुरली कूर्चाही झिजू शकते त्यानं.
आणि तुम्हाला मधुमेह. चार दिवस साखर चढेल.
नव्या गुडघ्याच्या यादीत नाव घालते,
पण ती यादी चौदा महिन्यांची आहे.
देऊ?"

माझ्या तर गुडघ्याला बाशिंगच.
हो म्हणायला तोंड उघडतो
आणि विचारतो भलतंच,
सुई केवढी असते?
ती दाखवते.
मी खिडकीबाहेर बघतो.

खाली ट्राम वळते तिथे
नगरपालिकेची माणसं एक खड्डा बुजवताहेत.
एदमिल्सोन माझ्या हाताखाली आला
तेव्हा पहिल्या दिवशी शिकवलं होतं त्याला,
सांध्यात वाळू भर, दगड धरतो.
दुसऱ्या दिवशी शिकवलं,
खालची माती खचली असेल
तर वरून कितीही वाळू ओत,
एक हिवाळा निघेल,
मग पुन्हा डुगडुग.
सगळं उचलावं लागतं, पोरा, तळापासून.

त्याला जे सांगितलं नाही ते हे,
की बेकरीच्या दारापुढे, बाविसाव्या वर्षी,
मी स्वतः नुसती वाळू ओतून निघून गेलो होतो.
शुक्रवार होता. संध्याकाळी सामना होता.
तो तुकडा अजून जागचा हललेला नाही.
काठी टेकत मी त्याच्यावरूनच आलो आज.
याचा काय अर्थ लावायचा, मला कळत नाही.

आणि एक हिवाळा म्हणजे थोडा नव्हे.
एका हिवाळ्यात माणूस
नदीपर्यंत जाऊन येऊ शकतो, रविवारी,
न थांबता,
प्रत्येक बाकाशी ओळख न करून घेता.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
ब्याऐंशी पायऱ्या, मधे दोनदा
कोणाच्या तरी कुंड्यांचं कौतुक करायच्या निमित्ताने थांबणं.
दार उघडंच आहे.
देओलिंडाने माझी चक्की पहिल्या मजल्यावरच ओळखली असणार.

"काय म्हणाली?"
"विचार करतो म्हटलं."
"कशानं करणार? तुझी अक्कल गुडघ्यात."
"म्हणून तर झिजली."

ती हसत नाही. स्टूल पुढे सरकवते,
माझा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवते,
आणि फ्रीजरमधली हिरव्या वाटाण्यांची पिशवी
गुडघ्यावर, आधी उजवीकडे, मग जरा आत,
मी दगड बसवायचो तशी,
बसेपर्यंत.

आठवडाभर हीच पिशवी गोठते आणि वितळते.
"गुरुवारचा फोन करते दवाखान्यात," ती म्हणते.
मी हो म्हणत नाही. नाही म्हणत नाही.
"आणि हे वाटाणे उद्या शिजवून टाकते.
फार दिवस झाले यांना."